तीस दिवसांचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी शिक्का आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, एका लहानशा न्यायालयात, कारकुनाच्या खिडकीमागे मी चाळीस वर्षं काम केलं. मला शाई लागत नसे. दांडा दाबला की मी कागदाला चावायचो आणि त्यावर उठाव उमटायचा. माझ्यावाचून न्यायाधीशांच्या सहीलाही कोणी विचारत नाही, असा माझा तोरा होता.

दांडा दाबणारा हात अर्लीनबाईंचा. रोज सकाळी त्या फडक्याने माझी धूळ पुसत आणि म्हणत, "चल म्हाताऱ्या, लाग कामाला." त्यांच्यावर माझा फार जीव होता.

एका मार्च महिन्यात मार्ला नावाची बाई सात वर्षांच्या लेकीला, विनीला घेऊन शेजारच्या नेब्रास्का राज्यातून पळून आली. विनीचा हात प्लास्टरमध्ये होता. तो बापाने मोडला होता. पण मुलीच्या ताब्याचा निवाडा नेब्रास्कातल्या न्यायालयाने आधीच दिलेला, आणि त्यात शनिवार-रविवार बापाचे होते. आमच्या न्यायाधीशांनी तिकडच्या न्यायाधीशांना फोन लावला. मग तातडीचा हुकूम काढला. मुलगी आईपाशी राहील, पण मूळ निवाडा तिकडचा म्हणून तीसच दिवस. तेवढ्या मुदतीत आईने नेब्रास्कात अर्ज करून तिथूनच पुढचा हुकूम आणायचा.

हे सगळं दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होतं. मी चावलो शेवटच्या पानावर.

विनीने उठावावरून बोट फिरवलं. "आई, हे खरखरीत लागतंय."

"म्हणजे पक्कं आहे," मार्ला म्हणाली आणि खिडकीकडे वळली. "झालं ना बाई आता? आणखी काही करायला नको ना?"

अर्लीनबाईंचा हात माझ्या दांड्यावर होता. तो थबकलेला मला कळला. खिडकीवर पाटी होती, 'येथे कायद्याचा सल्ला मिळणार नाही'. सल्ला देणाऱ्या कारकुनाची नोकरी जाते.

"मला सल्ला देता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यात लिहिलंय सगळं. वाचून घ्या."

"वाचते की. आधी हिला जेवू घालते, दोन दिवस धड खाल्लं नाहीये पोरीने."

तिने काही वाचलं नाही. वकील नव्हता तिला. माझा शिक्का बघून तिचा जीव भांड्यात पडला होता. तिने विनीला इथल्याच शाळेत घातलं.

चौतिसाव्या दिवशी बाप आला. सोबत शेरीफचा पोलीस आणि मुलगी बापाच्या हवाली करा, असा नेब्रास्काचा कागद. त्या कागदावरही उठाव होता, माझ्याच कुणा भाऊबंदाचा. मार्ला आपला कागद घेऊन धावत खिडकीशी आली.

"शिक्का आहे की यावर, बाई. तुम्हीच मारलात ना?"

"मुदत संपली," अर्लीनबाई हळूच म्हणाल्या. "आता काय मागायचं ते नेब्रास्कात."

"तुम्हाला माहीत होतं?"

अर्लीनबाई पाटीकडे बघत राहिल्या. बाहेर विनीला बापाच्या गाडीत बसवलं. मार्लाचा कागद माझ्यासमोर पडला होता. मी त्यावर माझी खूण शोधली. उठाव उरलाच नव्हता. बोट फिरवून फिरवून विनीने तो सपाट केला होता.

ज्या हातावर मी विसंबलो त्याने मला फसवलं, आणि मी त्या पोरीला.

आता शिक्के यंत्र छापतं. मी अर्लीनबाईंच्या घरी फळीवर पडून असतो. त्या अजूनही मला पुसतात, पण बोलत नाहीत. मित्रांनो, मला पुसू नका, तेलही घालू नका. कुणाच्या हाती शिक्क्याचा कागद दिलात, तर त्यावरची तारीख तेवढी मोठ्याने वाचून दाखवा. तारीख वाचणं म्हणजे सल्ला नव्हे. एवढं अर्लीनबाईंना करता आलं असतं.