घरी जा, असं कुठं लिहिलंय?

पाळकांनी तिसरा कागद चुरगळून टोपलीकडे भिरकावला. तोही बाहेरच पडला. चर्चमधल्या उद्याच्या उपासनेतला उपदेश क्षमेवर होता, महिन्यापूर्वीच ठरलेला. आणि आतल्या खोलीत त्यांच्याच मंडळीतली एक बाई हाताला प्लास्टर घालून पडली होती.

ती मास्तरची बायको. मास्तर म्हणजे व्यवसायानं सुतार, पण मंडळीला गाणी शिकवायचा म्हणून सगळ्यांचा मास्तर. त्याचा गळा असा, की देवाशी फारसं देणंघेणं नसलेली माणसंही रविवारी मागच्या बाकांवर येऊन बसत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. सकाळी सहाला दवाखान्यातून ती थेट इथंच आली होती, अनवाणी. आल्या आल्या एवढंच म्हणाली होती,

“साताच्या सत्तर वेळा माफ करा, असं प्रभूनं सांगितलंय. म्हणजे चारशे नव्वद ना, पाळकसाहेब? मी मोजायचंच सोडलं.”

नऊला मास्तरचा फोन आला. ढसाढसा रडला. तीस वर्षं माणसांची रडणी ऐकलेल्या पाळकांना खोटं रडणं चटकन कळायचं. हे खोटं नव्हतं. पंचाईत तीच होती.

“दुपारी तिला न्यायला येतो,” तो म्हणाला होता. “तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल.”

पाळक पुन्हा उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुस्तकांची चळत उगाचच सरळ केली.

“फरशी झिजेल आता,” कपड्यांच्या घड्या घालत त्यांची बायको म्हणाली. “काय सांगणार आहात तिला?”

“प्रभूनं सांगितलं तेच.”

“अकरा वर्षांपूर्वी शिंपीणताईला सांगितलंत, तेच?”

पाळकांनी खुंटीवरचा सदरा चढवला, गुंड्या लावत लावतच बाहेर पडले.

शिंपीणताईचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. ती मशीनवर वाकलेली होती. पाळकांनी दारातून दोनदा हाक मारली. तिनं मान वर केली नाही. त्यांची सावली कापडावर पडली तेव्हा कुठं ती दचकली.

“डावीकडून बोलू नका, पाळकसाहेब. तो कान गेलाय.”

“कधी?”

तिनं दातानं दोरा तोडला.

“तुम्ही मला घरी परत पाठवलंत ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात.”

पाळक समोरच्या स्टुलावर टेकले. अकरा वर्षं ही बाई दर रविवारी पहिल्याच बाकावर, डाव्या टोकाला, मान जरा वळवून बसायची. बाई भाविक आहे, असं ते समजत आले होते. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी आजारानं गेला. शेवटी शेवटी तिनंच त्याचं अंथरुणातलं सगळं केलं. त्या सेवेचा दाखला पाळकांनी उपदेशात दोनदा दिला होता.

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिचा खडखडाट विरला, तसं पाळकांनी विचारलं,

“मी चुकीचं सांगितलं होतं का?”

तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला.

“माफ कर म्हणालात, ते बरोबर होतं. केलं मी. आधी त्याला केलं, मग तुम्हांला. तुमच्या वेळी जरा जास्त दिवस लागले.” ती किंचित हसली. “पण माफ कर आणि घरी जा, ही दोन्ही वाक्यं तुम्ही एका दमात म्हणालात. दुसरं कुठं लिहिलंय?”

पाळकांचा हात सवयीनं खिशातल्या बायबलच्या नव्या कराराकडे गेला, आणि तसाच रिकामा बाहेर आला.

“गुंड्या खालीवर लागल्यात तुमच्या,” ती म्हणाली, आणि पुन्हा मशीनवर वाकली.

घरी आल्यावर ते आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबले. मास्तरची बायको जागीच होती.

“तो दुपारी येतोय. तुला जायचंय का?”

तिनं गोंधळून पाहिलं. “ते तुम्ही सांगाल ना?”

“मी नाही सांगणार. तू सांग.”

तिनं प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, “नको.”

तीन वाजता मास्तर आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस, हातात तिच्या चपला. पुसून लख्ख केलेल्या.

“अनवाणीच गेली होती.”

पाळकांनी चपला घेतल्या, मागं उभ्या असलेल्या बायकोकडे दिल्या आणि दारातच उभे राहिले.

“ती येणार नाही, मास्तर.”

“तुम्ही तिला सांगितलंच नाही! तुम्हीच शिकवलंत ना आम्हांला? क्षमा म्हणून?”

“शिकवली. अर्धीच शिकवली.”

मास्तरनं चौकट धरली. बोटं पांढरी पडली. चर्चमधला प्रत्येक बाक याच हातांनी रंधा मारून गुळगुळीत केलेला होता.  पाळक बाजूला झाले नाहीत.

“उद्याची गाणी?”

“उद्या नको.”

“म्हणजे प्रभूच्या घरातही मला जागा नाही.”

“असं मी म्हटलं नाही.”

“मग जाऊ कुठं मी?”

त्याचे हात सुटले. तो पायरीवर मटकन बसला, डोकं गुडघ्यांत.  आत जाऊन दार लावून घेता आलं असतं. क्षणभर तसं पाळकांच्या मनातही आलं.

ते बाहेर आले, दार मागं ओढून घेतलं आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसले. जागा दोघांना अपुरी होती. खांद्याला खांदा लागला. 

मागं, आतून, किल्ली फिरल्याचा आवाज झाला. मग वरची कडीही लागली. बायकोला त्यांनी तसं सांगितलेलं नव्हतं.

पाळकांनी मागं वळून पाहिलं नाही.

“कालपासून काही खाल्लंयस का?” त्यांनी विचारलं.