कबुघोचं मीठ

तीस वर्षं मी सरोवराकाठच्या काट्वे गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण कुठल्याच गोष्टीची मला पुरती खात्री नसायची. फळ्यावर लिहून झालेलंही घरी येऊन पुस्तकात पुन्हा पाहायचो. खात्री वाटली ती एकदाच, धाकट्या बहिणीच्या बाबतीत.

कबुघो विधवा, माझ्याकडेच राहते. सरोवरातल्या आमच्या मिठागरात तिचं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी ती चहातही मीठ घालू लागली. कमरेच्या कापडात खडा बांधून ठेवायची आणि येता-जाता चघळायची. मिठागरातल्या बायकांना थट्टेला तेवढंच हवं होतं.

"काय गं कबुघो, पन्नाशीत डोहाळे?"

"हो ना! बाप कोण ते तेवढं तुम्ही शोधा."

मग उठताना तिला चक्कर येऊ लागली, अंग झडलं. आमची आई रक्तदाब वाढून, झटका येऊन गेली होती. आईलाही जेवणात मीठ जास्त लागायचं. हा तोच आजार, मी ठरवून टाकलं. मीठ कपाटात घालून कुलूप लावलं, तिचं मिठागरात जाणं बंद केलं आणि रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं.

आठवड्यानं मोजला तर वरचा आकडा शंभर. पुढच्या आठवड्यात नव्वद.

"बघ, उतरतोय," मी म्हणालो.

"दादा, घास गिळवत नाही रे. चिमूटभर तरी दे."

"आईचं काय झालं विसरलीस?"

"आईला निदान जेवून मरू दिलंस."

ब्याऐंशी आला त्या दिवशी मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तिच्या तळहातावरच्या रेषा काळ्या पडल्या होत्या, हिरड्याही. इतकी वर्षं मिठागरातलं ऊन, दुसरं काय, असं मी म्हणालो. हिरड्यांना ऊन कसं लागेल, हा प्रश्न मला पडला नाही.

एका सकाळी ओकून ओकून ती चुलीपाशीच कोसळली. कासेसेच्या दवाखान्यात डॉक्टर थेंबो होता, माझाच जुना विद्यार्थी.

"सर, हिचं मीठ कोणी बंद केलं?"

"मी."

त्यानं आधी सलाईनचा वेग वाढवला.

"मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी गेल्यात, सर. जुना क्षय असावा. हात, हिरड्या काळवंडल्यात त्याही यानंच. अल्डोस्टेरॉन तयारच होत नाहीये. तुम्हीच शिकवलं होतं ना? तो हार्मोन मूत्रपिंडाला सांगतो, मीठ धरून ठेव. मीठ राहिलं तर पाणी राहतं, पाणी राहिलं तर दाब राहतो. तो नसेल तर सगळं लघवीतून जातं. तिचं शरीर मीठ मागत होतं."

माझंच वाक्य. त्यानं एकही शब्द चुकवला नव्हता.

कबुघो वाचली. आता जन्मभर गोळ्या, आणि मीठ हवं तेवढं. घरी आल्यावर मी किल्ली तिच्यापुढे धरली.

"तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली.

मी कुलूप काढून सरोवरात टाकलं. वाटीभर मीठ आता रोज तिच्या ताटाशेजारी असतं. तरी बुंदूचा, कसाव्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा समोर आला की, घरात पाहुणे असोत नसोत, ती हात मांडीवर ठेवून विचारते, "दादा, मीठ घेऊ?" पहिल्यांदा सगळे हसले होते. आता कुणी हसत नाही. मी 'घे' म्हणेपर्यंत ती वाटीला हात लावत नाही.

टोमणा मारते की खरंच घाबरते, मला कळत नाही. विचारायचं धाडस होत नाही.