नाना फ्रेम्पाँगची शिकवणी

घानातल्या कुमासी शहरात, एका कॉलेजात फ्रेम्पाँग बँकेतल्या साहेबलोकांना नेतृत्व शिकवायचा. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचा, 'नेता जन्मत नाही, घडवला जातो.' अशा माणसाला मामाच्या पश्चात, तिथल्या रीतीप्रमाणे, गावची गादी मिळाली, तीही केवळ अमुक आईच्या पोटी जन्मला म्हणून! निरोपाच्या केकवर विद्यार्थ्यांनी तेच वाक्य लिहून आणलं आणि शेवटी भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. फ्रेम्पाँगने नेमका प्रश्नचिन्हाचा तुकडा खाल्ला.

गादीवर बसण्याआधी नव्या नानाला, म्हणजे गावच्या राजाला, काही आठवडे एका घरात कोंडून शिकवायची रीत. घराण्यातून नाना निवडणारी आणि त्याला शिकवणारी राणीमाता म्हणजे त्याची सख्खी मावशी, डुफी. अंगाने काडी, पण जीभ अशी की गावातले भलेभले तिच्या दारावरून खोकतसुद्धा नसत.

"हळू चाल. गाडी सुटतेय का तुझी?"

"मावशी, हळूच तर चालतोय."

"हे हळू? कोंबडी पकडायला निघाल्यासारखा निघालास. नाना चालतो तेव्हा रस्ता थांबतो, कळलं? पुन्हा चाल."

बोलताना हात नाचवायची त्याची सवय तर तिच्या डोक्यातच जायची. "हात शर्यतीला सोडलेत का?" ती विचारायची, की हा बिचारा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. शिवाय चारचौघांत नानाने थेट बोलायचंच नाही. म्हणणं हळूच ओचामेच्या, म्हणजे आपल्या प्रवक्त्याच्या, कानात सांगायचं, आणि हातात सोनेरी मुठीची काठी घेऊन ओचामेने ते लोकांना ऐकवायचं. वर्षानुवर्षं तासन्‌तास बोलण्याचा पगार घेतलेल्या माणसाला ही शिक्षा फारच जड गेली.

एका दुपारी त्याने मनातलं विचारून टाकलं. "मावशी, ट्वुमासीला का नाही निवडलंस? तोही तुझा भाचाच की."

ट्वुमासी ट्रकवाल्यांचा पुढारी. तो नुसता शिंकला तरी चार माणसं मागे उभी राहायची. 'मी जन्मालाच पुढारी म्हणून आलोय,' असं तो येताजाता सांगायचा.

"ट्वुमासीला चूक दाखवली की तो आवाज चढवतो," डुफी म्हणाली. "तुला लाज वाटते. लहानपणी माझं मडकं फोडलंस, तेव्हा दिवसभर जेवला नव्हतास."

"म्हणजे भित्रा म्हणून निवडलंस?"

"तसं समज हवं तर. आता पाठ ताठ कर."

गादीवर बसल्यावर पहिली बैठक ट्रकच्या थांब्यावरून भरली. ट्रक शाळेसमोर उभे राहायचे, मुलांना रस्ता मिळेना. ट्वुमासीने ओढ्याकाठची मोकळी जागा मागितली. फ्रेम्पाँगला वाटलं, झटपट निर्णय देऊन दाखवायची हीच वेळ. त्याने ओचामेच्या, म्हणजे म्हाताऱ्या आजेकुमच्या कानात अस्खलित भाषण केलं. आजेकुमने शांतपणे ऐकून घेतलं आणि सभेला सांगितलं, "नाना म्हणतात, ट्रक ओढ्याकाठी न्या."

तेवढ्यात मासे विकणारी पोकुआ बोलायला उभी राहिली. पण नाना उठला होता, आणि नाना उठला की बैठक मोडते. पोकुआ तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली.

आठवडाभरात ओढ्यावर तेलाचा तवंग आला. बायका हंडे घेऊन वरच्या अंगाला, दूरवर जाऊ लागल्या. पोकुआ हेच सांगायला उठली होती. फ्रेम्पाँगला ते कळलं आणि त्या दिवशी त्याने ताटातल्या फुफूच्या गोळ्याला हातही लावला नाही. त्याने पुन्हा बैठक बोलावली आणि आजेकुमच्या कानात म्हणाला, "सांगा, चूक माझी झाली. मी पोकुआचं ऐकून घेतलं नाही."

आजेकुम घसा खाकरून उभा राहिला. "नाना म्हणतात, मागच्या वेळी या म्हाताऱ्या ओचामेने त्यांचा शब्द नीट पोचवला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रीत अशीच होती. नाना चुकत नाही, ओचामे चुकतो. आजेकुमने तर आयुष्यभर तीन नानांच्या चुका अंगावर घेतल्या होत्या आणि त्याला झोपही छान लागायची. पण फ्रेम्पाँगला राहवेना. हात मांडीखालून सुटलेच.

"नाही हो, आजेकुमकाका! चूक तुमची नाही, माझी आहे!"

नाना थेट बोलला! कुणीतरी हसू दाबलं. पोकुआ बघतच राहिली. डुफीने आभाळाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रीत मोडली. नानाला एका मेंढीचा दंड."

"देतो," फ्रेम्पाँग मान खाली घालून पुटपुटला.

"तोंडाने नाही! ओचामेच्या कानात सांग!"

मग मात्र सगळी बैठक खदखदून हसली. ट्वुमासी सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि हसता हसता उठून म्हणाला, "नानाला सांगा, ट्रक उद्या हलवतो. बाजाराच्या मागे माझ्या सासऱ्याची जागा पडून आहे. तो बोंबलेल, पण त्याला मी बघून घेतो."

मेंढी कापली त्या दुपारी ट्वुमासी रश्श्याची वाटी घेऊन फ्रेम्पाँगजवळ येऊन बसला. "भावा, खरं सांग, सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, हे त्या कॉलेजात शिकवतात?"

"नाही रे. मी तर शिकवत होतो की ठाम राहायचं."

"मग मावशीने शिकवलं?"

"तिने तर दंड केला!"

ट्वुमासीने वाटीतलं हाड चोखून बाजूला ठेवलं. "मग आलं कुठून?"

फ्रेम्पाँगने खांदे उडवले. दारातून डुफीचा आवाज आला, "खांदे! नाना खांदे उडवत नाही! आणि ही मेंढी कुणी निवडली? नुसती हाडं आहेत."