मालनच्या नावाची हरकत

दहिसरला नदीच्या काठी आमची बैठी चाळ होती. एकतीस खोल्या, वर पत्रे. नदीला लागून असलेल्या रांगेत सगळ्यात शेवटची खोली सहदेव परबची आणि तिच्या अलीकडची माझी. आम्ही दोघे एकाच गावचे, कणकवलीकडचे. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून त्याची बायको मालन मला धाकूभावजी म्हणायची. सहदेव साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर होता. माझी गिरणी सुटली तेव्हा मी खोलीच्या मागे काठावर पत्र्याची शेड टाकली आणि रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करायला बसलो. पिना, वायसर, बर्नर. धंदा बरा चालायचा.

गिरण्यांच्या संपाच्या वर्षी हाताला काम नव्हतं तेव्हा मी आणखी एक गोष्ट केली. पलीकडच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा, तिथे जाऊन बसलो. शुभाताई शिकवायच्या. स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या, दिवसा शाळेत मास्तरीण. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःचं नाव लिहिलं. वर्षभरात वाचायलाही लागलो. मग चाळीतली सगळी पत्रं माझ्याकडे यायला लागली. गावची पत्रं, रेशनचे फॉर्म, कोर्टाचे कागद. पोरं शाळेत जाणारी होती, पण लोकांना मोठ्या माणसाने वाचलेलं बरं वाटायचं. मला त्याचा माज आला होता हे आज कळतं. तेव्हा मला तो मान वाटायचा.

त्र्याऐंशीच्या थंडीत सरकारी कचेरीची माणसं आली. साखळी टाकून काठ मोजला, जागोजाग लाल रंगाच्या खुणा केल्या आणि संडासच्या भिंतीवर एक छापील कागद चिकटवून गेली. सगळे माझ्याभोवती जमले. मी मोठ्याने वाचून दाखवलं. नदीच्या दोन्ही काठांना दगडी भिंत बांधायची, वरून चालायला रस्ता, कडेला झाडं, गटाराचं पाणी वेगळं काढायचं. भिंतीच्या आड येणारी बांधकामं हटवायची आणि पहिल्या रांगेतल्या खोल्यांना चेकनाक्याकडे पक्क्या खोल्या द्यायच्या. कुणाला हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवावी.

मालनला फार आनंद झाला. दर पावसात तिच्या उंबऱ्याला पाणी लागायचं. दोनदा चूल वाहून गेली होती. ती म्हणाली, आता एकदाची झोप लागेल.

लाल खूण माझ्या शेडच्या मधोमध होती. खोल्या मिळणार होत्या, पण शेडच्या बदल्यात शेड मिळणार नव्हती. तसं त्या कागदात कुठेच नव्हतं, मी तीनदा वाचलं. कचेरीत ओळखीचा एक शिपाई होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, दोन-चार हरकतींना कुणी विचारत नाही, पंचवीस-तीस आल्या की साहेबाला बसून प्रत्येकाचं ऐकावं लागतं, मग काम रेंगाळतं आणि रेंगाळलं की नकाशा बदलतोही.

मी घरोघरी गेलो. कुणाची मोरी जाणार होती, कुणाची कोंबड्यांची खुराडी, कुणाची तुळस. एकाला पक्की खोली नको होती, कारण तिथून त्याच्या मेव्हण्याचं घर लांब पडणार होतं. सगळ्यांच्या हरकती मीच लिहिल्या. मला लिहायला येणारी वाक्यं थोडी होती, म्हणून मजकूर एकच ठेवला, नाव तेवढं बदलायचं. चोवीस झाल्या.

पंचविसाव्याला कुणी मिळेना. त्याच दिवशी मालन माझ्या दारात आली. म्हणाली, "भावजी, माझाही एक अर्ज लिवा. म्हणावं भिंत लवकर बांधा, पावसाच्या आधी."

खोली कागदोपत्री तिच्या नावावर होती. मी तिला आत बसवलं, कागद घेतला आणि लिहिलं. 'मी या खोलीत चौदा वर्षे राहते. मला नदीपासून काही त्रास नाही. भिंतीच्या कामास माझी हरकत आहे.' ती समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, अक्षर किती सुबक काढता हो. मग तिने अंगठा दिला. मी तो कागद इतर चोवीस कागदांत घातला.

शिपाई म्हणाला होता तसंच झालं. काम रेंगाळलं. प्रत्येक हरकतीची वेगळी सुनावणी. तारीख यायची, साहेब दौऱ्यावर असायचा. पुढची तारीख यायची, हरकत घेणारा गावी गेलेला असायचा. एक साहेब बदलला तेव्हा नव्याने पहिल्यापासून ऐकायला लागले. काठावरच्या लाल खुणा दोन पावसांत पुसून गेल्या. सहदेव संध्याकाळी माझ्या शेडसमोर बसून कचेरीला शिव्या घालायचा. म्हणायचा, "धाकू, ही भिंत आपल्या नातवांच्या लग्नात हार घालून उभी ऱ्हवतली बघ." मी हसायचो. वर चार शिव्या मीही घालायचो. माझ्या शिव्या त्याच्याहून मोठ्या असायच्या.

मालनच्या नावाची तारीख दोनदा पोस्टाने आली. पोस्टमन चाळीतलं टपाल माझ्याकडेच टाकायचा. पहिल्या वेळी मी तिला सांगितलं, भिंतीबद्दलची माहिती पाठवली आहे, काम चालू आहे म्हणतात. दुसऱ्या वेळी काही सांगितलंच नाही. दोन्ही पत्रं माझ्या पेटीत तळाला गेली.

शहाऐंशीच्या जुलैमध्ये एका दुपारी काठ खचला. पाणी फार नव्हतं, त्याहून जास्त आम्ही पाहिलं होतं. पण माती खालून पोखरली होती. माझी शेड तिरकी झाली आणि राहिली. सहदेवची मागची अर्धी खोली भिंतीसकट खाली गेली. पाळी रात्रीची असल्यामुळे तो आत झोपला होता. आम्ही आठ-दहा जणांनी त्याला विटांखालून काढलं. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्यातून गेला. म्हणजे पाय होता, पण त्यावर भार देता येत नव्हता. लेथवर आठ तास उभं राहावं लागतं. वर्कशॉपवाल्याने दोन महिने वाट बघून दुसरा माणूस घेतला.

त्यानंतर मालन घरी टिकल्यांची पाकिटं चिकटवायची. उरलेल्या अर्ध्या खोलीत, मागे गोणपाट लावून. मी तिला गोणपाट लावायला मदत केली. दोघांचा स्टोव्ह फुकट दुरुस्त करायचो. सहदेव म्हणायचा, सख्ख्या भावानंही एवढं केलं नसतं. मला ते ऐकवत नसे, पण उठूनही जाता यायचं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत चाळीने ठरवलं की कचेरीत जाऊन जाब विचारायचा. बोलायला मला पुढे केलं, कारण मी वाचणारा. सहदेवने येण्याचा हट्ट धरला. कुबडी घेऊन आला, पण कचेरी दुसऱ्या मजल्यावर. तो बाकीच्यांबरोबर खाली बाकावर बसला आणि मी एकटा वर गेलो. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, आमची माणसं मेल्यावर भिंत बांधणार का वगैरे.

तिथले कारकून विद्याधर म्हणून होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि फाईल काढली. माझी वाक्यं सुरू व्हायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुम्ही त्याच चाळीतले ना? मग या बाईंना जरा समजवा. पंचवीसपैकी चोवीस हरकती निकाली निघाल्या. ही एकच राहिली. दोन तारखा पाठवल्या, बाई येत नाहीत. तोपर्यंत नकाशा पुढे कसा पाठवायचा?"

त्यांनी कागद माझ्यासमोर फिरवला. माझंच अक्षर. खाली मालनचा अंगठा.

मी विचारलं, आता काय करावं लागेल. ते म्हणाले, सोमवारची तिसरी तारीख लावली आहे, तसं बाईंना सांगा. बाई स्वतः येऊ देत किंवा हरकत मागे घेतल्याचा अर्ज अंगठ्यासह येऊ दे. नाहीतर हे प्रकरण पुढच्या वर्षाच्या यादीत जाईल, म्हणजे आणखी एक पाऊस. ते चांगले गृहस्थ होते. वर म्हणाले, लोक आम्हाला शिव्या देतात, पण बघा कसं असतं.

खाली आलो. सहदेवने विचारलं, "काय म्हणालो तो?"

मी म्हटलं, चालू आहे म्हणतात.

"चालू आसा," सहदेव बाकीच्यांकडे बघून म्हणाला. "माझ्या पायासारखा चालू आसा." सगळे हसले.

तो गुरुवार होता. शनिवारी दुपारी मी हरकत मागे घेतल्याचा अर्ज लिहिला. छान लिहिला. तोपर्यंत मला पुष्कळ वाक्यं येत होती. अर्ज आणि शाईचा पॅड घेऊन मी शेजारी गेलो. माझ्या मनात सरळ होतं. तिचा अंगठा घ्यायचा, सोमवारी अर्ज द्यायचा, भिंत होईल, कुणाला काही कळणार नाही. सांगून त्यांना पाय परत मिळणार होता का, असंही मी स्वतःला विचारून ठेवलं होतं.

मालन जमिनीवर पाकिटांचा ढीग घेऊन बसली होती. हाताला खळ लागलेली. सहदेव खाटेवर पडून होता. मी म्हटलं, वहिनी, कचेरीत एक अर्ज द्यायचाय.

कसला अर्ज, हे तिने विचारलं नाही. पदराने अंगठा पुसला. खळ निघेना, म्हणून तोंडात घालून ओला केला, पुन्हा पुसला आणि माझ्यापुढे धरला. नजर पाकिटांवरच होती, कारण ढीग संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

मी पॅड उघडलाच नाही. तिथेच खाली बसलो.

ती म्हणाली, "काय झालं भावजी? घ्या ना. खळ वाळतेय."

मी सांगितलं. शेडपासून सुरुवात केली, मग पंचवीसचा आकडा, मग तिचा अर्ज, मग पेटीतली दोन पत्रं. शेवटी कारकून काय म्हणाले ते सांगितलं. मला मधे कुणी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर बरं झालं असतं.

मालन म्हणाली, "माझ्या नावानं काय लिवलंत, ते वाचा."

"तो कागद कचेरीत आहे."

"पाठ असेल तुम्हाला. तसं सांगा."

पाठ होतं. मी म्हटलं, 'मी या खोलीत चौदा वर्षे राहते. मला नदीपासून काही त्रास नाही. भिंतीच्या कामास माझी हरकत आहे.' गोणपाट वाऱ्याने आत-बाहेर होत होतं. सहदेवने भिंतीकडे तोंड केलं.

"तुम्ही लिवत होतात," मालन म्हणाली, "आणि मी म्हणाले अक्षर चांगलंय."

तिने अंगठा पुन्हा पुसला, या वेळी उगाचच. मग उठली, माझ्या हातातला अर्ज घेतला आणि म्हणाली, ती दोन पत्रंही द्या. मी घरात जाऊन पेटी उपसली आणि आणून दिली. तिने तिन्ही कागद एकत्र दुमडले, पायात चपला घातल्या आणि शुभाताईंच्या बिल्डिंगकडे निघाली. माझ्या अर्जात या वेळी खरंच काय आहे, ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला. मी सांगणार होतो की या वेळी बरोबर लिहिलंय. पण ते कुठल्या तोंडाने सांगायचं.

मी आणि सहदेव खोलीत उरलो. पाकिटं अर्धवट पडली होती. मी ती चिकटवायला घेतली. दोन-तीन झाली असतील, तेव्हा तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "ठेव ती. तिची ती करीत."

मी ठेवली.

"शेड केवढी रे तुझी?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आठ बाय सहा."

मी उठून बाहेर आलो.

सोमवारी मालन आणि शुभाताई दोघीच कचेरीत गेल्या. मी येऊ का, असं विचारलं नाही. तिथे काय झालं ते मला पुढे शुभाताईंकडून कळलं. साहेबांनी मालनला विचारलं, पहिला अर्ज तुमच्या मनाविरुद्ध होता तर तो लिहिला कुणी? तसं असेल तर तक्रार करा, हा गुन्हा आहे. मालन म्हणाली, शेजारच्या माणसानं लिहिला. नाव काय त्याचं? ती म्हणाली, नाव कशाला, त्याला तेव्हा नीट लिहिता येत नव्हतं, चुकून उलटं लिहिलं गेलं. साहेबांनी तसंच नोंदवलं आणि तिचा अंगठा घेतला.

शुभाताईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मला लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. मला तेव्हा नीट लिहिता येत होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

नकाशा पुढे गेला, मग पुढच्या कचेरीत अडला, ते वेगळं. शेड मी त्याच आठवड्यात काढली आणि स्टोव्ह घेऊन नाक्यावर बसायला लागलो. भिंत आमच्या काठाला आली तेव्हा आणखी दोन पाऊस होऊन गेले होते.

मालनने चाळीत कुणाला काही सांगितलं नाही. त्यामुळे लोक पत्रं माझ्याकडे आणतच राहिले आणि मी वाचत राहिलो. तिच्या घरचं पत्र आलं की ते हातात घेऊन ती माझ्या दारावरून जायची, स्टेशनकडे, शुभाताईंच्या बिल्डिंगला. जायला-यायला अर्धा तास लागायचा. मी दारातच असायचो.