सगळी बापावर गेली

मी एक जुना कोंबडा आहे.

हे सांगतानाच मला मान खाली घालावीशी वाटते. आमच्या जातीत जुनं होणं सहसा घडत नाही, मित्रांनो. त्याआधीच पातेलं येतं. मी जुना झालो आणि माझ्या मुली मात्र…

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हांला काही कळणार नाही. पुन्हा सुरुवात करतो.

मी एक काबरा कोंबडा आहे. काळ्या पिसावर पांढरी आडवी रेघ, मग काळी, मग पुन्हा पांढरी, असा शेपटीपर्यंत. माझा जन्म पनवेलजवळ अंडी उबवण्याच्या यंत्रात झाला. ऊब दिव्याने दिली, पाणी नळीने दिलं. माझे आई-बाप दोघंही काबरे होते म्हणे, पण मी त्यांना पाहिलं नाही. आईकडून लेकराला काय येतं, बापाकडून काय येतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मला एवढंच वाटायचं की रंग ही बापाची देणगी असते.

रंजिता मला पिशवीतून बेलपाड्याला घेऊन आली. बेलपाडा म्हणजे खारघरच्या उंच इमारतींच्या मधोमध उरलेलं गाव. तिच्या सासूच्या, म्हणजे हौसाआजीच्या परसात तांबड्या गावठी कोंबड्या आधीपासून होत्या. पहिल्या पहाटे मी बांग दिली, ती इमारतींवर आपटून परत आली. मला वाटलं, पलीकडे कितीतरी कोंबडे आहेत आणि ते सगळे मला मान देत आहेत. असा मी होतो.

रंजिताला मी कशाला हवा होतो, ते ऐका. तिची मावशी कृष्णाबाई समुद्रकाठच्या करंजा गावात सुकी मासळी विकते. पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वाळवायला मासळी नाही आणि ऊनही नाही. ते महिने कृष्णाबाई पेजेवर काढते. रंजिता लहानपणी याच मावशीच्या हातचं खाऊन वाढली. म्हणून तिने शब्द दिला होता, की पावसाळ्याला तुझ्या दारात तलंगा असतील, अंडी विकून तुझे दिवस निघतील. तलंग म्हणजे अंड्यावर यायला आलेली तरुण कोंबडी. कृष्णाबाईने एकच अट घातली होती. नर देऊ नको, नराला घालायला माझ्याकडे दाणा नाही.

पण नुकत्या फुटलेल्या पिल्लात नर कोणता आणि मादी कोणती, हे कसं ओळखायचं? बचत गटाच्या शिबिरात मिताली मॅडमनी माइकवरून युक्ती सांगितली.

"काबऱ्या आणि तांबड्या कोंबड्यांची जोडी लावा. पिल्लं काळी होतील. ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका, तो नर. ठिपका नाही, ती मादी."

रंजिताने ते वाक्य पाठ केलं. तांबड्या घरी होत्याच. कमी होता तो काबरा. तो मी.

मित्रांनो, ते वाक्य पुन्हा एकदा वाचाल का? वाचा. मी थांबतो.

संक्रांतीनंतर तांबडीच्या पोटाखाली अंडी फुटली. एकूण एक पिल्लू काळं होतं आणि एकूण एक पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. हौसाआजी टोपलीत वाकून बघत म्हणाली, "आगो बाय, सगली बापावर गेली."

मी भर दुपारी बांग दिली. दुपारी बांग द्यायचं काही कारण नसतं. तरी मी दिली, मग आणखी एकदा दिली. परसातून फिरताना माझे पंख जमिनीला टेकत होते, इतकी माझी छाती पुढे आली होती.

रंजिता मात्र एकेक पिल्लू हातात घेत होती. बोट ओलं करून तिने त्यांची डोकी पुसून पाहिली. कुठे टरफलाचा कण चिकटला असेल, पुसला तर जाईल, अशी तिला आशा होती. ठिपके गेले नाहीत. सगळे नर.

हौसाआजीला टोमणा मारायला तेवढं पुरे झालं. सून शिबिरात शिकून आली आणि नुसते कोंबडेच काढून बसली, असं ती शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. माझ्या तांबड्यांना बोल लावू नका, खोट असेल तर त्या विकतच्या काबऱ्यात, हेही म्हणाली. खरं तर जरा धीर धरला असता तर सगळं उलगडलं असतं. दोन महिन्यांत नराचा तुरा लाल होऊन वर येतो, मादीचा बसका राहतो. हे हौसाआजीला झोपेतही कळतं. पण रंजिताला ती टोपली डोळ्यांसमोर नको होती. लाज वाटली की माणूस घाई करतं. तिने मावशीला फोन करून सांगितलं की सगळे नर निघाले, या पावसाळ्यात काही जमणार नाही. पिल्लं गावाच्या टोकाला हरेशच्या चिकनच्या दुकानात गेली. मागच्या शेडमध्ये वाढवायची आणि मोठी झाली की…

तेव्हाही मी बांगच देत होतो. माझ्या रंगाची टोपली रस्त्यावरून चालली होती ना.

मग गटारी आली. श्रावण लागायच्या आधीची ती अमावस्या. त्या दिवशी गावात एकही चूल मटणाशिवाय राहत नाही. रंजिताचा नवरा भावेश सकाळीच रांगेत उभा राहून कोंबडा घेऊन आला. पिसं काढलेला, डोकं नसलेला, पण अख्खा. आतलं साफ करायचं ते हौसाआजी कुणाच्या हातात देत नाही. भावेश म्हणाला, आपल्याच घरचा आहे, हरेशने मुद्दाम ठेवला होता. पंखाच्या टोकाला एक पीस राहिलं होतं. काळी रेघ, पांढरी रेघ.

मोरीपाशी हौसाआजीने पोट उघडलं, हात आत घातला आणि तिचा हात तिथेच राहिला. मग तिने तो हळूच बाहेर काढला. तळव्यावर पिवळ्या बलकांची माळ होती. एक सुपारीएवढा, एक बोराएवढा, मग मटाराएवढे, मग मोहरीएवढे कितीतरी. पुढच्या कित्येक दिवसांची अंडी.

"रंजे," ती म्हणाली, "यो कोंबडा नाय. ही तलंग हाय."

रंजिता चप्पल न घालता पळत सुटली. हौसाआजी हात न धुता तिच्या मागे गेली.

दुकानात काय झालं, ते मी पाहिलं नाही, परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळलं. पिंजऱ्यात काबऱ्या थोड्याच उरल्या होत्या आणि एक तर गिऱ्हाइकाने बोट दाखवून निवडलेली होती. रंजिता पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. रांगेतली माणसं हसली. एक जण म्हणाला की वहिनीचा उपास आजपासूनच सुरू झाला वाटतं. ती हलली नाही. तिने हरेशला विचारलं, या कोंबड्या आहेत हे तुला दिसलं नाही का?

"दिसला ना," हरेश म्हणाला. "पन कापायचा तर नर काय नि मादी काय? मना वाटला, तुमाला म्हाईत हाय."

भावेश मागोमाग पोचला होता. या कोंबड्यांच्या बदली घरचा काबरा घेऊन जा, असं त्याने सांगून पाहिलं. हरेशने हात झटकला. तो जुना झालाय, शिजता शिजणार नाही. शेवटी पुढच्या वेळचे नर त्याला द्यायचे, असं ठरलं आणि उरलेल्या तलंगा घरी आल्या. त्या माझ्या समोरून गेल्या, मित्रांनो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांना मी कोण ते ठाऊकही नव्हतं. मी बघत राहिलो. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

संध्याकाळी रंजिताने मिताली मॅडमना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, मला ऐकू आला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"नर कोणता होता, ताई? काबरा की तांबडा?"

"काबरा. कोंबड्या तांबड्या."

"उलट झालं हो. कोंबडी काबरी हवी होती आणि कोंबडा तांबडा."

मग त्यांनी समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. काबरी कोंबडी आपले पट्टे फक्त मुलग्यांना देते, मुलींना देत नाही. म्हणून बाप तांबडा असला तर मुलगे ठिपका घेऊन येतात आणि मुली कोऱ्या डोक्याने. ओळख पटते. पण माझ्यासारखा, ज्याचे आई-बाप दोघंही काबरे, तो कोंबडा मुलगा-मुलगी बघत नाही. सगळ्यांना सारखे पट्टे वाटतो. मग ठिपका काहीच सांगत नाही. ती पिल्लं नर नव्हती, नुसती माझी होती. ज्या सारखेपणावर मी भर दुपारी बांग दिली, त्यानेच माझ्या मुलींना मुलग्यांच्या टोपलीत टाकलं.

"मी 'कोंबड्यांची जोडी' म्हणाले," मॅडम म्हणाल्या. "कोंबडा म्हणायला हवं होतं. कोंबडी म्हणायला हवं होतं."

आता ते वाक्य आठवा. काबरा असो की काबरी, दोघांचं 'काबऱ्या' होतं. कोंबडा असो की कोंबडी, दोघांचं 'कोंबड्यांची' होतं. त्या वाक्यात बाप कोण आणि आई कोण, हे कुठे लिहिलं होतं? आणि विचारलं कुणी?

दुसऱ्या दिवशी रंजिता तलंगा घेऊन करंजाला गेली. निम्मा पावसाळा सरला होता. परत आल्यावर ती ओट्यावर बसून सासूला सांगत होती. कृष्णाबाई रागावली नाही. तिने तलंगांना आधी पाणी ठेवलं आणि म्हणाली, "तू खोटा नाय बोललीस, पोरी. घाईत बोललीस." रंजिता म्हणाली, आई, ती रागावली असती तर बरं झालं असतं. हौसाआजीने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "मीच तुला घाई लावली." घरात असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

कृष्णाबाईने एक तलंग परत पाठवली होती. बी तुझ्याकडेही राहू दे, असा निरोप होता. त्या तलंगीसाठी शेजारून तांबडा कोंबडा आणला. मला जाळीच्या पलीकडे ठेवलं. मी कुरकुर केली नाही.

यंदा तिची पिल्लं निघाली. तिची आई तांबडी असल्यामुळे पिल्लं अर्धी काळी झाली, अर्धी तांबूस. काळ्यांचे ठिपके दिसतात आणि या वेळी ते नर ओळखायला पुरतीलही, पण तांबूस पिल्लांच्या डोक्यावर काही धड दिसत नाही. शेजारणी विचारतात, यातले नर कोणते? रंजिता सांगते, माहीत नाही. तुरे फुटले की तीच सांगतील. हौसाआजी शेजारी बसून कणी टाकत असते.

मी जाळीतून बघतो. एखादं माझ्यासारखं दिसत असलं, तरी मी बांग देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कधी पिल्लू येईल, कोंबडीचं, मांजराचं किंवा माणसाचं. त्याच्यापुढे दाणा ठेवा. पाणी ठेवा. थंडी असेल तर उबेला दिवा ठेवा. नाव तेवढं जरा थांबून ठेवा.