पांढऱ्या पडद्याची चार मिनिटं

टॉकीजचा डोअरकीपर शाळेत फार गेला नव्हता, पण पिक्चर चालणार की पडणार हे त्याला खुर्च्या सांगायच्या. माणूस उठला की खुर्चीची फळी खट्ट करून वर जाते ना, तेवढं ऐकायचं. इंटरव्हलआधी दहा खट्ट म्हणजे पिक्चर ठणठणीत. तीस झाले तर आजारी. पन्नास झाले की खांदेकरी बोलवा. दर बुधवारी दुपारचा शो सुटला की मालक एकच विचारायचे, "काय बॅटरी, ठेवायचा की काढायचा?" आणि तो म्हणेल तसं व्हायचं. हातात कायम टॉर्च, म्हणून नाव पडलं बॅटरी. घरी बायकोही बॅटरीच म्हणायची.

ह्या आठवड्याचं दुखणं मात्र घरचंच होतं. त्याच्या ताईच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या कादंबरीवर कुणीतरी पिक्चर काढला होता. कादंबरी लिहायला दाजींना अकरा वर्षं लागली. बॅटरी अकराव्या पानापर्यंत पोचला होता. एका ऑफिसातला मोठा साहेब एक दिवस लोखंडी कपाट होतो, आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. लोक कपाटापुढे रजा मागतात, रडतात, त्याला सलाम ठोकतात. पुढे कपाटाला बढती मिळते.

"दाजी, हे हसायचंय का?" बॅटरीने एकदा विचारलं होतं.

"ते व्यंग आहे. तुला नाही कळायचं."

बॅटरीने मान डोलावली. न कळण्याची त्याला सवय होती, लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती.

पिक्चर लागला त्या दिवशीच ताईचा फोन आला. "अरे, आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं काहीतरी लोक बघतायत. सकाळपासून दाढी करून बसलेत. अजून एक आठवडा राहू दे रे. तुझ्याच शब्दावर आहे सगळं."

"ताई, मालकाशी मी खोटं बोलत नाही."

"मग लोकांना बसवून ठेव!"

जणू लोक म्हणजे उतू जाणारं दूध, झाकण ठेवलं की झालं.

पहिल्या दोन दिवसांत खट्ट गेले साठावर. बाहेर दारात तर नुसती जुंपायची. एक चष्मेवाल्या बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "काय धाडस आहे!" त्यांच्यामागचा कारकून म्हणाला, "बाई, माझ्या ऑफिसात असली तीन कपाटं आहेत. ती मी फुकट बघतो." दोन मित्र एका स्कूटरवर आले होते, जाताना त्यातला एक तणतणत चालत गेला. बॅटरी इंटरव्हलनंतर चहाला जायचा, त्यामुळे दुसरा भाग त्याने पाहिलाच नव्हता. आणि तिथेच घोळ झाला.

सोमवारी दुपारी चहावाला आला नाही म्हणून तो आतच थांबला. आणि एकाएकी पडदा पांढराफटक. आवाज बंद. बॅटरीला वाटलं, मशीन गेलं! मग त्याने तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला होता. बाजूचे दोन दिवे लावले आणि टॉर्च घेऊन मधल्या वाटेने निघाला. "बसा बसा, कुणी उठू नका. मशीन म्हातारं झालंय, आपल्यासारखंच. जरा दम खातंय. चालू होईल. नाही झालं तर तुमचं नशीब."

एक जण फिस्सकन हसला, मग दहा जण, आणि तेवढ्यात पडद्यावर कपाट परत आलं. टॉकीज टाळ्यांनी दणाणली. मशीनला काही झालंच नव्हतं. चार मिनिटं पांढरा पडदा हा पिक्चरचाच भाग होता.

मंगळवारी पेपरात छापून आलं : 'व्यवस्थेने दमलेला सामान्य माणूस थेट प्रेक्षकांत उतरतो.' बॅटरीने ते बायकोकडून दोनदा वाचून घेतलं. दमलेला होता हे खरं, गुडघे दुखत होते. खिडकीवर लोक विचारायला लागले, "तो म्हातारा येतो ना?" मालकांनी हुकूम सोडला, "रोज जायचं."

बुधवारी दाजी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तोच पेपर, कपाळावर आठ्या.

"ती चार मिनिटं म्हणजे माझ्या कादंबरीतलं कोरं पान आहे. दिग्दर्शकाच्या हातापाया पडून ठेवलंय. त्यात कुणी तोंड घातलं, तर मी उठून निघून जाईन. तुझं घरही बंद आमच्यासाठी."

मालकांनी दुसऱ्या कानात सांगितलं, "आज गेला नाहीस, तर पिक्चर शुक्रवारी खाली."

गेला तर दाजी जातात, नाही गेला तर दाजींचा पिक्चर जातो. इकडे आड, तिकडे विहीर, मधे बॅटरी.

पडदा पांढरा झाला. दाजी पाचव्या रांगेत ताठ बसलेले. बॅटरी दाराशी उभा राहिला. दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. पान त्यांचं आहे, म्हटलं, राहू दे कोरं. पिक्चर गेला तर ताईच्या शिव्या खाऊ.

एक मिनिट झालं. खट्ट. "म्हातारा कुठाय?" खट्ट, खट्ट. "ओ, म्हाताऱ्याला पाठवा!" शिट्ट्या सुरू झाल्या. मग पाचव्या रांगेतून खट्ट. बॅटरीने डोळे मिटले. गेले दाजी!

"बसा!" दाजी ओरडले. "काही बिघडलेलं नाही! हे पान कोरंच आहे! मी लिहिलंय ते!"

"कोरं पान लिहिलं?" पुढून कुणीतरी विचारलं.

"अकरा वर्षं लागली!"

हास्याचा असा कल्लोळ उठला की छताची धूळ पडली.

"तुमच्यातल्या एकाने तरी कादंबरी वाचलीय?"

"नाही!" सगळ्यांचा एक सूर.

"मग वाचा, गाढवांनो!"

उठलेले खाली बसले. टाळ्या थांबेनात. मागून एक जण म्हणाला, "कालचा म्हातारा बरा होता," त्याच्या शेजारणीने त्याला झापलं, "ह्याचा राग तरी खरा आहे," आणि कपाट परत आलं तरी त्यांची तीच कटकट चालू होती.

शो सुटल्यावर मालक आले. "काय बॅटरी?"

"चाळीस खट्ट झाले. पण त्यातले पस्तीस परत बसले. असं मी कधी ऐकलं नाही. ठेवा."

दाजी बाहेरच्या बाकावर घामाघूम बसले होते. बॅटरीने पाणी दिलं.

"हसले मला," दाजी म्हणाले.

"हसले."

"फार हसले का रे?"

"पुढचे फार. मागच्यांना नीट ऐकू नाही गेलं. तुमचं तोंड निम्मा वेळ पडद्याकडे होतं, दाजी."

दाजींनी चष्मा पुसला. परत पुसला. "उद्याचा शो तीनलाच ना? म्हणजे, मी आपला सहज बघायला येईन."

"या की. ताईलाही आणा," बॅटरी म्हणाला. "आणि ते गाढवांनो म्हणाल ना, त्याच्याआधी जरा श्वास घ्या."