रांजणावरची वेणी

पलूसच्या शिवारात सयाजीचा ऊस लांबूनच ओळखू यायचा. सहा वर्षं पलटणीत काढून आला तरी हाताचा गुण गेला नव्हता. आणि त्याच हातानं त्यानं ब्रह्मदेशातून जिवापाड जपून आणलेलं झाड महिनाभरात मरणाच्या दारात नेऊन ठेवलं.

झाड तरी केवढं? वीतभर. जाड हिरवी पाच पानं आणि सालीच्या तुकड्याला घट्ट धरून बसलेली पांढुरकी मुळं. मेढ्याकडच्या डोंगरात सीतेची वेणी म्हणतात, त्या जातीचं. त्याला माती नको, आळं नको. उंच झाडाच्या बेचक्यात बसायचं, मुळं वाऱ्यावर सोडायची आणि हवेतल्या ओलाव्यावर जगायचं. पलटणीतला त्याचा जोडीदार, मेढ्याचा अर्जुना, हे त्याला दहादा सांगायचा. दर ज्येष्ठात तो असली एक वेणी उतरवून बायकोसाठी घराच्या वळचणीला टांगायचा म्हणे. पण मातीवाचून झाड ही गोष्ट उसाच्या माणसाला पटायची कशी? सयाजीनं घरी आल्या आल्या ते परड्यात लावलं, काळीभोर माती घातली, शेणखत घातलं आणि मोटेचं पाणी दिलं. शहाणपण आपल्या बांधापाशी संपतं, आणि शहाण्या माणसाला नेमका तो बांध दिसत नाही. मुळं काळी पडली, तीन पानं गळाली.

एरवी एक झाड मेलं म्हणून कोण रडतं? पण शिमग्याला घरी येताच सयाजीनं मेढ्याला कार्ड टाकलं होतं, की अर्जुनाला सापडलेली एक वेणी माझ्यापाशी आहे, वैनींना आणून देतो. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कारण अर्जुना आता नव्हता. पलटणीच्या कागदात तो लढाईत कामी आला असं लिहिलं होतं, आणि तो खरा कसा गेला हे एकट्या सयाजीला ठाऊक होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला. शेवटी मेढ्याहूनच कार्ड आलं, की आखिती झाली की दुसऱ्या दिवशी आम्हीच येतो. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा दिवस उरले होते.

सयाजीनं मनाशी हिशेब मांडला. हातात जिवंत झाड ठेवलं की बाई डोळे पुसेल, झाड उराशी धरेल आणि परत जाईल. मेलेलं ठेवलं तर बसून राहील आणि एकेक गोष्ट विचारील. झाड जगायलाच हवं होतं.

वाचवायची वाट दाखवली ती त्याच्या आईनं, चंद्राबाईनं. माजघराच्या काळोख्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण अर्धा पुरलेला होता, आणि त्यामागची भिंत भर वैशाखातही ओलसर असायची. सयाजीनं कुजकी मुळं विळ्यानं छाटली, कापाला हळद भरली आणि सालीच्या तुकड्यासकट झाड आढ्याला सुतळीनं रांजणावर टांगलं. खिडकीला गोणपाट लावलं. ते दिवसातून चार वेळा भिजवायचं, मुळांवर तेवढं पाणी शिंपडायचं.

बाहेर ऊन नुसतं फोडून काढत होतं. दुपारी दाराची कडी हाताला चटका द्यायची. पोतं भिजवून रानात जावं तर अर्ध्या वाटेत त्याला वाटायचं, एव्हाना वाळलं असेल, आणि तो माघारी वळायचा. गडी हसायला लागले. पलटणीत डोकं फिरलं, असं कुणीतरी म्हणालंही. आईनं एकदा सरळ विचारलं, एवढं काय आहे रे त्या झाडात? चोराच्या मनात चांदणं. तो उगाचच तिच्यावर डाफरला, आणि मग दिवसभर त्याला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

आठव्या दिवशी एक पान सुरकुतलं. दहाव्या दिवशी एका मुळाला तांदळाएवढं हिरवं टोक फुटलं. सयाजी रांजणाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. आपण सुटलो असंच त्याला वाटलं.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनावरून गाडी आली. अर्जुनाचा बाप नाथाजी ओसरीवर टेकला. चंद्राबाई त्याला गूळपाणी देऊन मेढ्याच्या पावसापाण्याचं विचारू लागली. हरणाबाई, अर्जुनाची बायको, सरळ माजघरात गेली. सयाजी तिच्या मागोमाग गेला. बोलायचं ते त्यानं पाठ करून ठेवलं होतं.

तिनं झाडाकडं बघितलं. रडली नाही. सालीचा तुकडा उलटा करून कडेवरून बोट फिरवत राहिली.

"हे त्यांनीच काढलंय," ती म्हणाली. "डाव्या हाताचा काप हाय."

सयाजीनं मान हलवली. अर्जुना डावखुरा होता.

"तुमी लिवलं, त्यास्नी घावली. कवा घावली?"

"असंच... एकदा."

"शेवटचं पत्र ते जायच्या आदल्या दिशीचं हाय, भाऊजी. त्यात चहात साखर न्हवती तेबी लिवलंय. ही घावली आसती तर पयलं हिचंच लिवलं आसतं."

पाठ केलेलं सगळं सयाजी विसरला.

"ही खाली कुटं उगवत न्हाई," ती सावकाश म्हणाली. "वर चढलं की दोनी हात गुततात. बंदूक कुणाच्या हातात व्हती?"

"माज्या."

"आन् नजर?"

इथं खोटं बोलता आलं असतं. त्याला विचारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. पण बारा दिवस ज्या हातांनी त्यानं ते झाड जगवलं होतं, त्यांनी त्यानं रांजणाचा काठ धरला.

"वर. त्याच्याकडं," तो म्हणाला. "चढू नगं म्हणत व्हता हवालदार. मीच म्हनलं, मेढ्याचा गडी आन् झाडाला भ्यायचा? राखणीला मी व्हतो, वैनी. बांबूच्या बेटाकडं बघायचं सोडून वर बघून हसत व्हतो. एकच गोळी आली. खाली आला तवा ही त्याच्या मुठीत व्हती."

हरणाबाई ओरडली असती, शिव्याशाप दिले असते, तर सयाजीला बरं वाटलं असतं. मग तिनं रांजणात हात बुडवला आणि मुळांवर पाणी शिंपडलं, जपून, पानांत साचू न देता.

"घेऊन जावा," सयाजी म्हणाला. "जगंल आता. तुमचीच हाय."

"मेढ्याला न्हेली तर ही आपली आपण जगंल. तितं तिला कुणी लागत न्हाई." तिनं पदराला हात पुसला. "हितं लागतं. हितंच ऱ्हाऊ द्या. काल आखितीला आमी त्यांच्या नावानं पाण्याची घागर ठेवली. वर्साची एक. तुमी रोजची ठेवा."

ती बाहेर गेली. नाथाजीला तिनं काहीच सांगितलं नाही. चंद्राबाईच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी वळणाआड गेली तशी चंद्राबाई म्हणाली, एवढ्या लांबून आली आणि पोर रिकाम्या हातानं गेली की रे. खिडकीवरचं पोतं वाळत आलं होतं. सयाजी तांब्या घेऊन रांजणाशी वाकला.